शिशाचा जड डबा आणि भंगारातली किरणं

मागच्या अंकात भट्टीच्या धुराबद्दल लिहिताना ओघात दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजाराचं नाव घेतलं आणि मी पुढे निघून गेले. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला देतेय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी बरीच वर्षं एका स्टील कारखान्याच्या लॅबमध्ये काम केलंय, गेटवर येणारा भंगाराचा माल तपासणं हा त्यातलाच भाग होता, त्यामुळे जे लिहितेय त्यातलं काही हाताखालून गेलेलं आहे.

प्रश्न : ताई, माझ्या वडिलांचं चिंचवडला भंगारचं दुकान आहे. कधी कंपनीचा, कधी हॉस्पिटलचा लॉट लिलावात घेतो. मायापुरीत नेमकं काय झालं होतं? आणि तसलं काही आमच्या काट्यावर आलं तर ओळखायचं कसं? — बी.कॉम.ची विद्यार्थिनी, चिंचवड

तुझं पत्र दोनदा वाचलं गं, कारण हा प्रश्न भंगारवाल्याच्या घरातून आला याचं मला फार बरं वाटलं.

मायापुरीची गोष्ट अशी. दिल्ली विद्यापीठाच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये एक गॅमा सेल होता, म्हणजे प्रयोगासाठी पदार्थांवर किरणं सोडायचं यंत्र, आत कोबाल्ट-60 च्या कांड्या आणि भोवती शिशाचं जाडजूड कवच. कॅनडाहून आणलेला. 1985 नंतर तो वापरात नव्हता. पंचवीस वर्षं नुसता पडून राहिला आणि फेब्रुवारी 2010 मध्ये इतर जुन्या सामानासोबत लिलावात निघाला. तिथून मायापुरीत आला, तिथे तो फोडला, कापला, शिसं वेगळं काढलं, आतले तुकडे इकडेतिकडे गेले. एका दुकानदाराने एक छोटासा तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला होता. मग एकेकाला उलट्या, जुलाब, कातडी काळी पडायला लागली, केस गळायला लागले. एप्रिलमध्ये एका हॉस्पिटलच्या डॉक्टरांना शंका आली, त्यांनी अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवलं, मंडळाची माणसं किरणं मोजायचे मीटर घेऊन बाजारात शिरली आणि मीटर बोलायला लागले. सात-आठ जण दवाखान्यात होते. त्यातला एक कामगार 26 एप्रिलला गेला, पस्तिशीचा होता.

आता यातली एक गोष्ट नीट समजून घे. कोबाल्ट-60 दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. म्हणजे यंत्र आणल्यापासूनच्या चाळीस वर्षांत त्याची ताकद मुळाच्या साधारण दोनशेव्या हिश्श्यावर आली होती, आणि तेवढ्यावरसुद्धा माणूस मेला. त्यामुळे कुणी म्हणालं की "जुनं आहे, आता काय राहिलंय त्यात", तर ऐकायचं नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागते. या यंत्रात धोका आत असतो आणि संरक्षण बाहेर, पण भंगाराच्या बाजारात किंमत असते ती बाहेरच्यालाच! शिसं चांगल्या भावाने जातं. तुझ्या वडिलांना विचार, हातात घेतलेली वस्तू आकाराच्या मानाने भलतीच जड लागली की पहिला विचार काय येतो. शिसं आहे, चला, आज चांगलं निघालं. म्हणजे जे कवच माणसाला वाचवायला घातलंय तेच काढायला तो घण आणि गॅस कटर घेऊन बसतो. त्याची चूक नाही यात. त्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

ब्राझीलच्या गोयानिया शहरातही हेच झालं, 1987 मध्ये. एक खाजगी कॅन्सर क्लिनिक दुसरीकडे हललं आणि किरणोपचाराचं यंत्र जुन्या पडक्या इमारतीत तसंच सोडून गेलं. दोघांनी ते भंगारासाठी काढून नेलं, भंगारवाल्याला विकलं. आत सीझियम-137 ची पूड होती, सगळी मिळून शंभर ग्रॅमसुद्धा नाही, पण अंधारात निळी चमकायची. बघून लोक हरखले, नातेवाइकांना, मित्रांना चिमूट चिमूट वाटली, कुणी अंगाला लावली. एका सहा वर्षांच्या मुलीच्या हाताला ती पूड लागली आणि त्याच हातांनी ती जेवली. पंधराएक दिवस हे चालू होतं आणि घरातले एकेक जण आजारी पडत होते, तेव्हा त्या भंगारवाल्याच्या बायकोलाच पहिल्यांदा वाटलं की हे सगळं त्या चमकणाऱ्या वस्तूमुळे होतंय. तिने ती वस्तू पिशवीत घातली आणि बसने सरकारी आरोग्य केंद्रात नेऊन दिली. तिच्यामुळे शहर वाचलं. ती स्वतः वाचली नाही, ती लहान मुलगीही नाही, आणि दुकानातली अठरा आणि बावीस वर्षांची दोन पोरंही नाहीत. एक लाख बारा हजार लोकांना स्टेडियममध्ये रांगा लावून तपासावं लागलं, त्यातल्या 249 जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडलं.

ओळखायचं कसं, तर पिवळ्यावर काळं किंवा जांभळट लाल तीन पात्यांचं पंख्यासारखं चिन्ह हे एक. 2007 पासून मोठ्या सोर्ससाठी, म्हणजे किरणं देणाऱ्या मोठ्या वस्तूंसाठी, अजून एक चिन्ह आलंय, लाल त्रिकोणात वरून येणारी किरणं, कवटी आणि पळणारा माणूस, कारण नुसत्या तीन पात्यांचा अर्थ बऱ्याच लोकांना लागत नाही हे अपघातांतून दिसलं होतं. पण चिन्हावर विसंबू नका, लेबल झिजतं, रंग मारलेला असतो, कधी पाटीच आधी उचकटून नेलेली असते. जास्त खरी खूण म्हणजे वजन. डब्याएवढी वस्तू आणि दोन माणसांना उचलेना, आत काहीतरी बंद केलेलं, जाड झाकण, वेल्डिंग, सील. कुठून आलंय तेही विचारा : कॅन्सर हॉस्पिटल, कॉलेजची लॅब, सिमेंट किंवा कागद कारखान्यातलं लेव्हल मोजायचं गेज, पाइपलाइनच्या वेल्डिंगचे फोटो काढायचा रेडिओग्राफी कॅमेरा. आणि आतून बाहेर पडलेला तुकडा कसा दिसतो, तर बोटाच्या पेरापेक्षा लहान, चकचकीत स्टीलची गोळी किंवा कांडी, हातात घ्यावीशी वाटेल अशी. ती हातात घ्यायची नाही, चिमट्यानेसुद्धा नाही.

असं काही दिसलं तर कापणं थांबवा, सगळ्यांना लांब न्या. अंतर हे फुकटचं औषध आहे, दुप्पट लांब गेलात की मार चौथाई होतो, दहापट लांब गेलात की शंभरावा हिस्सा. डबा हलवू नका, गाडीत घालून परत द्यायला तर अजिबात निघू नका. 112 ला फोन करा, स्पष्ट सांगा की किरणोत्सारी वस्तूचा संशय आहे, ते नियामक मंडळापर्यंत कळवायला लावा, मंडळाचं ऑफिस आपल्या मुंबईतच अणुशक्तीनगरला आहे. आणि कुणी त्या मालाला हात लावून नंतर आजारी पडला तर डॉक्टरांना आधी सांगा, "मी भंगारात काम करतो आणि अमुक वस्तू कापली." नाहीतर उलट्या-जुलाब बघून अन्नातून विषबाधा म्हणून सलाइन लावून घरी पाठवतात, ज्याच्या हातावर आठ-दहा दिवसांनी भाजल्यासारखे फोड येतात त्यालाही ते कशाने आले हे कळत नाही, आणि तोपर्यंत वस्तू दुकानातच पडलेली असते.

वडिलांना माझा नमस्कार सांग. आणि दुकानात हातगाडीवाल्या पोरांना हे दोन्ही चिन्हांचे फोटो मोबाइलवर दाखव, वाचता येत नसेल त्यांना आधी दाखव.

प्रश्न : मॅडम, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मेल्टिंग सुपरवायझर आहे. प्रत्येक हीटचं, म्हणजे भट्टीच्या एका घाण्याचं, सॅम्पल आम्ही स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर) मारतो, कोबाल्टची टक्केवारी त्यात येते. मग वेगळं मीटर घ्यायची गरज आहे का? आणि भट्टीत 1600 डिग्रीला असल्या वस्तू जळून जात नाहीत का? — कोल्हापूर

दादा, जळून जात नाहीत. आग अणूच्या गाभ्यापर्यंत पोचतच नाही, कितीही तापवा. फक्त कोण कुठे जाणार एवढं भट्टी ठरवते. कोबाल्ट वितळतो 1495 डिग्रीला, लोखंडाच्या जवळपासच, आणि त्यात मीठ विरघळावं तसा मिसळून जातो, म्हणजे तो सगळा तुमच्या मालात. सीझियम 670 च्या आसपासच उकळतो, त्यामुळे तो वाफ होऊन धुराबरोबर जातो आणि धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या धुळीत सापडतो, उरलेला चिमणीतून बाहेर. स्पेनमध्ये 1998 साली एका मोठ्या स्टील कारखान्यात सीझियमचा सोर्स वितळला तेव्हा कारखान्यात कुणालाच पत्ता नव्हता, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, जर्मनी इथल्या हवा तपासणाऱ्या यंत्रांवर आधी दिसला. रेडियम, अमेरिशियम असलं काही असेल तर ते मळीत, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या कचऱ्यात (स्लॅगमध्ये) जातं. म्हणून तपासायचं ते तिन्ही ठिकाणी : माल, धूळ, मळी.

स्पेक्ट्रोचं म्हणाल तर तो कोबाल्ट दाखवतो, पण साधा कोबाल्ट आणि कोबाल्ट-60 त्याला सारखेच. आणि घातक ठरेल इतका कोबाल्ट-60 वजनाने किती असतो, तर एका ग्रॅममध्ये अकराशे क्युरी, म्हणजे प्रचंड किरणोत्सार! तो तुमच्या टनभर हीटमध्ये टाकला तरी स्पेक्ट्रोच्या दशांशात दिसणार नाही. हातातली ग्रेड तपासायची गन घेऊन जे भंगार घेतात त्यांनाही हेच लागू, ती गन मिश्रधातू सांगते, किरणोत्सार नाही.

त्यामुळे मीटर हवाच. छोट्या फाउंड्रीला गेटवरचे मोठे पोर्टल, म्हणजे अख्खी गाडी तपासणाऱ्या कमानी, परवडत नाहीत हे मला माहितीय, पण हातातला सर्व्हे मीटर परवडतो, एक खराब हीट आणि परत आलेला एक एक्स्पोर्टचा कंटेनर यांच्यापुढे ती रक्कम काहीच नाही. सकाळी मोकळ्या जागेत आकडा बघून लिहून ठेवायचा, बहुतेक ठिकाणी तो तासाला 0.1-0.2 मायक्रोसीव्हर्टच्या (अंगाला बसणाऱ्या डोसाचं माप) आसपास असतो. गाडीच्या चारी बाजूंनी हळू फिरायचं, आकडा दुप्पट-तिप्पट झाला की गाडी बाजूला. घाईने चालत गेलात तर मीटरला कळायच्या आत तुम्ही पुढे गेलेले असता. आणि लक्षात घ्या, कवच शाबूत असलेला सोर्स ट्रकच्या पोटात, वर पाच टन भंगार असेल तर बाहेरून काही कळणार नाही, म्हणून गाडी खाली करताना मॅग्नेटच्या प्रत्येक उचलीला परत एकदा, आणि हीटच्या सॅम्पलला शेवटचं.

आमच्याकडे एकदा जहाज तोडणीचा माल आला होता. पत्रे, पाइप, काही खास नाही. मीटरवाला पोरगा मागच्या फळीपाशी थांबला, परत मागे गेला, परत पुढे आला, मला हाक मारली. आकडा 0.15 वरून 3 वर. ड्रायव्हरला खाली उतरवून लांब झाडाखाली बसवलं, तो बिचारा विचारत होता की माझी गाडी जप्त करणार का. निघाली काय तर वाटीएवढी एक जुनी डायल, काळी पडलेली काच, आत काट्यांवर पिवळट रंग. रात्री चमकावी म्हणून लावलेला रेडियमचा रंग. कुणाला इजा झाली नाही, पण ती डायल भट्टीत गेली असती आणि मळी भरावाला कुणाच्या तरी अंगणात पडली असती.

खोपोलीचं तुम्हाला माहिती असेलच. 2008 मध्ये फ्रान्समधल्या एका कारखान्यात लिफ्टची बटणं बनत होती, त्यात कोबाल्ट-60 सापडला, वीसएक कामगारांना थोडा थोडा डोस बसला. स्टील भारतातून गेलेलं होतं आणि माग काढता काढता गाडी आपल्या खोपोलीच्या एका फाउंड्रीपाशी येऊन थांबली. त्या फाउंड्रीने मुद्दाम काहीच केलं नव्हतं, तिने भंगार घेतलं, वितळवलं, विकलं. तुम्ही रोज करता तेच. आयात भंगाराला निघायच्या आधीच किरणोत्साराचं सर्टिफिकेट लागतं, पण देशातल्या देशात लिलावातून आलेल्या लॉटला ते कोण मागतं? मायापुरीचा माल तर परदेशातून त्या वर्षी आलेला नव्हताच, त्याच शहरातल्या विद्यापीठातला होता.

प्रश्न : माझ्या मुलाने मला मोबाइलवर दाखवलं की भारतातल्या स्टीलच्या वस्तू किरणोत्सारी म्हणून अमेरिकेतून परत पाठवल्या. मग आपल्या घरातल्या ताटवाट्यांचं काय? नवीन घेतलेला डबा फेकून देऊ का? — गृहिणी, इस्लामपूर

काकू, फेकू नका. मुलाने दाखवलं ते खरं आहे, जानेवारी 2012 मध्ये भारतात बनलेले टिश्यू पेपर ठेवायचे स्टीलचे डबे अमेरिकेतल्या दुकानांतून काढून घेतले होते, कोबाल्ट-60 होता. पण तिथल्या अधिकाऱ्यांनीही सांगितलं होतं की डोस अगदी कमी आहे. स्टीलमध्ये मिसळलेला कोबाल्ट भाजीत उतरत नाही, हाताला लागत नाही, तो धातूतच बसलेला असतो आणि तिथून किरणं देतो, आणि वस्तू लांब केली की प्रश्न संपतो. आणि तेव्हाचा कोबाल्ट आता सव्वापाच-सव्वापाच वर्षांनी निम्मा होत होत बराच उतरलाय.

लोहचुंबक चिकटतं की नाही यावरून किरणोत्सार कळत नाही, ती वेगळी गोष्ट आहे, त्यावरून फक्त स्टीलचा प्रकार कळतो.

खरं सांगू का, असल्या भांड्याचा ज्याला त्रास होतो तो भांडं वापरणारा क्वचितच असतो. 1983 च्या शेवटी मेक्सिकोच्या हुआरेझ शहरात असाच सोर्स फुटला, एक मिलिमीटरच्या सहा हजार गोळ्या भंगारात सांडल्या, त्याच्या टेबलांचे पाय आणि घराच्या सळया झाल्या. पुढच्या महिन्यात सळया घेऊन जाणारा ट्रक अमेरिकेत लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेपाशी चुकून वळला म्हणून अलार्म वाजला, नाहीतर कळलंच नसतं! त्या सळया घालून बांधलेली आठशेवर घरं पाडावी लागली. तैपेईतसुद्धा लोकं वर्षानुवर्षं अशा सळयांच्या फ्लॅटमध्ये राहत होती, 1992 ला उघडकीला आलं. घरात अठरा तास भिंतीजवळ राहणं आणि एक डबा फडताळात असणं यात फार फरक आहे. तुमचा डबा आणि झोप दोन्ही सुरक्षित ठेवा.

प्रश्न : मी नंबर प्लेट आणि रेडियम कटिंगचं काम करतो. उरलेल्या रेडियमच्या पट्ट्या भंगारात देतो. त्याने काही होतं का? — नाशिक

नाही हो, आपण ज्याला रेडियम म्हणतो त्या स्टिकरमध्ये रेडियम नसतंच. गाडीचा उजेड परत फेकणारं प्लास्टिक आहे ते, बारीक काचेचे मणी किंवा खाचा असतात. नाव तेवढं जुन्या घड्याळांच्या चमकणाऱ्या काट्यांवरून चिकटलंय, त्यात मात्र खरंच रेडियम असायचं. आजोबांचं तसलं घड्याळ किंवा होकायंत्र असेल तर ठेवा, काच मात्र उघडू नका आणि काटे खरवडू नका.

तुमच्याच पत्रात लासलगावच्या कांद्याचंही विचारलंय. तिथे कांद्याला आणि आंब्याला कोबाल्टची किरणं देतात, पण कोबाल्ट फळाला लागत नाही, उजेडात ठेवलेली वस्तू जशी दिवा बंद केल्यावर चमकत राहत नाही तसंच. खुशाल खा.

प्रश्न : मी कॉलेजमध्ये लॅब असिस्टंट आहे. फिजिक्सच्या स्टोअरमध्ये कपाटाच्या तळाला एक शिशाचा डबा आहे, लेबल अर्धं फाटलेलं, "सीएस" एवढंच वाचता येतं. तपासणीला कमिटी येणार म्हणून जुनं सामान महिनाअखेर भंगारात काढायचं चाललंय. सर म्हणतात लहान आहे, देऊन टाका. मी काय करू? — मराठवाडा

देऊ नका. बाकी पत्रांची उत्तरं मी शांतपणे लिहिली, तुमचं वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

"सीएस" म्हणजे सीझियम असायची दाट शक्यता आहे. विद्यार्थ्यांच्या प्रयोगाचा सोर्स सहसा फार लहान असतो, मायापुरीसारखं काही होईल असं मी म्हणत नाही, आणि तो कपाटात बंद आहे तोवर तुम्हालाही घाबरायचं कारण नाही. पण सीझियम तीस वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे तुमच्या सरांच्या नोकरीत तो संपणार नाही. आणि डबा केवढा आहे यावरून आत केवढा सोर्स आहे हे ना तुम्हाला कळतं ना सरांना. दिल्लीतही कुणीतरी यादीवर टिक केली होती. नंतर कुलगुरूंनी माफी मागितली, नैतिक जबाबदारी घेतली, पण तोवर ज्याने छन्नी लावली होती तो माणूस गेलेला होता.

कायद्याने हा डबा भंगार नाहीच. ज्या संस्थेने तो घेतला तिच्यावरच त्याची जबाबदारी आहे, विकून ती संपत नाही. नियामक मंडळाला कॉलेजच्या लेटरहेडवर लिहायचं, किंवा त्यांच्या ई-लोरा या ऑनलाइन सिस्टिमवरून कळवायचं, तो कुठून घेतला, कोणत्या साली, हे जुन्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये सापडेल, ते पान शोधा, त्याची झेरॉक्स जोडा. परत कुणाकडे आणि कसा पाठवायचा ते मंडळ सांगतं. डबा सापडल्याबद्दल कुणी तुमच्यावर ओरडणार नाही, हरवल्याबद्दल मात्र विचारतील.

सरांना तोंडी सांगून भागत नसेल तर लेखी द्या, आवक नंबर घ्या. "सदर डब्यात किरणोत्सारी पदार्थ असण्याची शक्यता असल्याने तो निर्लेखनाच्या यादीतून वगळावा" एवढं एक वाक्य पुरे आहे, निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढायच्या सामानाच्या यादीत एकदा लेखी हरकत लागली की सहसा कुणी त्यावर सही करत नाही. तोपर्यंत डबा आहे तिथेच राहू द्या, उघडून बघू नका, दुसऱ्या कपाटात हलवू नका, कपाटावर मोठ्या अक्षरात मराठीत चिठ्ठी लावा, इंग्रजीत नको, शिपाईमामांना आणि भंगार न्यायला येणाऱ्या पोराला वाचता आली पाहिजे. आणि कपाटाची किल्ली सध्या कुणाकडे आहे ते आजच रजिस्टरला लिहून ठेवा, तुमची बदली झाली तरी पुढच्या माणसाला ते पान सापडेल.